आप्पांच्या चार चौकटी

लातुरात वैजनाथसर म्हटलं की लोक लगेच ओळखायचे, हां, ते चित्रकथावाले. पाच कथासंग्रह निघाले तोवर बिचाऱ्याला कुणी हुंगलं नव्हतं. मग एकदा कंटाळून त्यानं गोल डोक्याची, काडीच्या हातापायांची माणसं काढून गोष्ट सांगितली, आणि शाळाशाळांतून बोलावणी सुरू झाली. तिथं पोरांना त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "चित्रकला यावी लागत न्हाई रे. गोष्ट कुठून सुरू होते आन् कुठं संपते, तेवढं समजलं की झालं." पोरांना सांगायला काय जातंय!

आप्पासाहेबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, गेल्या माघात लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मान सारखी डुगडुगायची, त्यामुळं हो की न्हाई तेही कळेना. सत्त्याऐंशी वर्षांचा करारी माणूस मुकाट खाटेवर पडला. तेव्हा वैजनाथनं शक्कल काढली. वहीच्या पानापानावर एका ओळीत चार चौकटी आखल्या आणि पेन्सिल आप्पांच्या डाव्या हातात दिली. "आप्पा, काय पायजे ते काढा."

म्हातारा काढायला लागला की! पण वही धरायचा उलटी, शेवटच्या पानापासून. वैजनाथची बायको शिल्पा ती सरळ करून द्यायची, आप्पा पुन्हा मागून उघडायचे. पहिल्या दिवशी पान भरलं, तेव्हा डावीकडून दिसत होतं: रिकामा कप, कप तोंडाला लावलेला माणूस, भरलेला कप, शेवटी गॅसवर पातेलं. "बघ," वैजनाथ म्हणाला, "चहा संपला, आणखी ठेवा म्हणतात!" सकाळपासून चहाच दिलेला नव्हता, हे घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहा आला, आप्पा खूश. वैजनाथनं लेखकाच्या सवयीनं पानाखाली तारीख टाकली आणि त्याची छाती फुगली.

सिंधु, त्याची धाकटी बहीण, नांदेडला असते. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं आनंदराजशी लग्न केलं. आनंदराज बौद्ध समाजातला, शिकलेला, सरकारी नोकरीतला, सोन्यासारखा माणूस. पण आप्पांचं डोकं फिरलं. "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाई," म्हणाले, आणि पुन्हा तिचं नाव घेतलं नाही. आजारपणाचं कळल्यावर तिचा रोज फोन यायचा. "दादा, आप्पांचा शब्द हाय, त्यो त्यांनीच मोडावा. त्यांना विचार. ये म्हणले तर पुढच्या गाडीनं निघते."

वैजनाथनं विचारलं. "आप्पा, सिंधूला बोलवू?"

आप्पांनी पेन्सिल घट्ट धरली. घामाघूम होईस्तोवर काढत राहिले. डावीकडच्या चौकटीत उघडं दार, आत एक काठीवाला आणि एक वेणीवाली, हातात हात. मग वेणीवाली एकटी पायी. तोंडाला नाकडोळे नाहीत, त्यामुळं कुठं निघाली ते कळायला मार्ग नाही. मग बस. शेवटी बंद दार, त्याला हे एवढं कुलूप.

वैजनाथला वाईट वाटलं. पोरगी घरात होती, बाहेर पडली, गाडीत बसली, दार बंद झालं. सरळ होतं. "समजलं, आप्पा," म्हणत त्यानं पानाखाली तारीख टाकली आणि त्यांचा हात थोपटला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा कसा निवला होता.

फोनवर सिंधूला म्हणाला, "नको म्हणतात गं. अजून राग गेलेला न्हाई." पलीकडून ती "बरं," म्हणाली.

त्या दिवसापासून आप्पा खाट दाराकडं करायला लावायचे. आल्यागेल्याची चाहूल लागली की मान उचलायचे. शिल्पा म्हणायची, वारं लागतंय, दार लोटून घेते. तर पेन्सिल आपटायचे. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी पहाटे गेले.

मातीला सिंधु आली. सगळं उरकल्यावर रिकाम्या खाटेशी बसून तिनं उशाची वही घेतली आणि मागून उघडली. वैजनाथ म्हणाला, "अगं, उलटी धरलीस."

"उलटी कशी? आप्पा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले ना. माझ्या पाटीवर गोष्टी काढायचे, त्या अशाच. उजवीकडून." ती चहाच्या पानावर बोट फिरवत हसली. "पातेलं, कप, पिला, संपला. हाय का न्हाई?"

वही ओढून घ्यावी असं वैजनाथला वाटलं, पण तोवर तिचं बोट पुढच्या पानावर होतं. कुलूप लावलेलं दार. बस. वेणीवाली चालत येतीय. उघडं दार, आत दोघं, हातात हात.

"दादा, हे तर मला..." तिची नजर खाली घसरली. तिथं त्याच्याच सुबक अक्षरात तारीख होती.

"मला वाटलं..." वैजनाथ म्हणाला. लाज आणि दुःख एकदमच आलं, आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

सिंधु रडली नाही. पदरानं तिनं ते पान पुसलं, वही मिटली.

"आठ दिवस, दादा," ती म्हणाली. "नांदेडहून लातूर तीन तास लागतेत."