हातातलं वजन

"ही हलकी हाय," आई म्हणाली आणि बाटली काउंटरवर परत ठेवली.

जतीनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. डहाणू स्टेशनजवळच्या त्यांच्या औषधांच्या दुकानात सकाळची गर्दी नुकतीच ओसरली होती.

"काकी, कंपनीचा माल आहे. दोनशे एमएल म्हणजे दोनशेच. मशीन भरते ना!"

"मशीन भरते. बघतो कोण?"

मी तिचा दंड धरला. लुगड्याच्या पदराखाली तो आता माझ्या मनगटाएवढाच लागत होता. "आई, सील आहे, तारीख आहे. चल ना. मला तलासरीची बस गाठायचीय." शाळेत मी फक्त अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

ती हलली नाही.

अन्ननलिकेतल्या गाठीमुळे तिच्या घशाखाली भाताचं शीतही उतरत नव्हतं. महिनाभर ती या तयार बाटल्यांवर होती. दाट, पिवळसर, व्हॅनिलाच्या वासाचं ते पेय ती घोट घोट करून दिवसातून चार वेळा संपवायची. सर्जनांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन अडतीस किलो झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, शरीराला झेपणार नाही. सुरुवात पस्तीसपासून होती. तपासणीला दहा दिवस उरले होते.

आणि जिला एकेक घोट मोजून पाजायचा, ती भरलेली बाटली नाकारत होती.

पण तो हात माझ्या आईचा, जमनेचा होता. नरपडला गोविंदरावांच्या वाडीत तिने एकतीस वर्षं चिकूची निवड केली. समोर फळांचा ढीग, भोवती चार खोके. फळ डाव्या तळव्यात यायचं, क्षणभर थांबायचं आणि आपापल्या खोक्यात जायचं. ती त्याच्याकडे पाहायचीसुद्धा नाही, शेजारच्या भिकीशी तिची थट्टा चालूच असायची. वर मोठं आणि खाली बारीक असा खोका तिने कधी भरला नाही. "जमनेनं भरलेला खोका बाजारात कोणी उघडून बघत नाही," असं गोविंदराव पाहुण्यांना सांगायचे. तिला मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिला ते माहीत होतं.

शेवटी जतीनभाईच वैतागून शेजारच्या फरसाणवाल्याकडे निघाले. आम्ही मागोमाग गेलो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी आधी दुसरी बाटली ठेवली, मग आईने नाकारलेली. ती चौदा ग्रॅम कमी भरली. झाकण उघडलं तर आतल्या चंदेरी पापुद्र्याची कड सुटलेली होती आणि आंबूस वास आला.

दुकानात आल्यावर जतीनभाईंनी आईला स्टूल दिलं आणि अख्खा खोका तिच्यापुढे ठेवला. तेवीस बाटल्या तिच्या डाव्या तळव्यातून गेल्या. दोन तिने बाजूला काढल्या. त्यांचीही कड सुटलेली निघाली.

"टीचर, तुमच्या आईला नोकरीला ठेवू का?" जतीनभाई मला म्हणाले.

"आधी चिकूच्या चवीचं काढायला सांगा," आई म्हणाली. "मग येते."

तलासरीची बस केव्हाच गेली होती.

पुढच्या दहा दिवसांत तिने एकही बाटली अर्धवट सोडली नाही. उलटी झाली की चूळ भरायची आणि पुन्हा बाटली मागायची. तपासणीच्या आदल्या दिवशी मी शाळेतला मुलांचा वजनकाटा घरी आणला. सदतीस किलो चारशे.

त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. मग काटा परत न्यायला म्हणून शाळेत गेले आणि येताना कपाटाची दोन पितळी कुलपं पर्समध्ये घालून आणली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आई डोळे मिटून बसली होती. तिच्या कमरेला खोचलेल्या कापडी बटव्यात मी ती सरकवली. तंबाखू सुटल्यापासून तो बटवा रिकामाच असायचा. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेल्या माझ्या हातांना त्या वेळी काहीही वाटलं नाही.

आमचा नंबर आला. आई काट्याजवळ गेली, थांबली, बटवा काढला आणि दोन्ही कुलपं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ही पोरीची," ती म्हणाली. "सहाशे भरतील."

मला जमिनीकडेही बघवेना. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती काट्यावर चढली. सदतीस किलो चारशे. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरच्या छोट्या काट्यावर कुलपंही ठेवली. सहाशे दहा.

"दहाचा फरक," डॉक्टर म्हणाले.

"पितळ कधी हाती आलं नाय," आई म्हणाली. "फळात चुकत नाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चारच्या जागी पाच बाटल्या लिहिल्या. "पंधरा दिवसांनी या. पण आजी, गाठ थांबत नसते, हे लक्षात ठेवा."

"मी पन थांबत नाय."

बाहेर आल्यावर मी रडले. म्हटलं, "सहाशे ग्रॅमसाठी तू जीव पणाला लावलास."

"जतीनभाईकडे चौदासाठी भांडलो ना आपण? आता कोणत्या तोंडानं जाऊ तिकडं?" मग तिने माझा हात डाव्या तळव्यात घेतला, क्षणभर थांबली. "तू पन घटलीस गो. दोन घास जास्त खा."

पंधराव्या दिवशी ती अडतीस किलो दोनशे भरली. बटवा तिने घरीच ठेवला होता.

ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन हंगाम ती नरपडच्या वाडीत जाऊन बसली. उचलणं-ठेवणं भिकी करायची, आई नुसता हात पुढे धरायची. मग गाठ परत आली. ऑपरेशन पंधरा दिवस आधी झालं असतं तर काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना एकदाच विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की सांगता येत नाही.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. शाळेत दर महिन्याला मुलांची वजनं घेतो. खिशांतल्या गोट्या आणि खडे मी आधी टेबलावर काढून ठेवायला सांगते, आणि काटा दाखवील तेच वहीत लिहिते. काम झालं की काटा कपाटात जातो. कुलूप लावण्याआधी मी ते डाव्या तळव्यावर ठेवते आणि क्षणभर थांबते.