झाकणाखालचं पाणी

मी दवबिंदू बोलतोय. नावावर जाऊ नका. माझ्या पानांवर केसांच्या टोकाशी जे चमकतं ते दव नाही, डिंक आहे. त्यावर डास बसला की बसला, पुन्हा उठत नाही. मी किडे खाणारं झाड आहे आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही. माझा आकार जुन्या रुपयाएवढा, रंग लालभडक, बसणं जमिनीला चिकटून. एवढ्याशा जिवावर माया करायला निघालेल्या माणसांनी मला तीनदा मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. तिन्ही वेळा प्रेमानं, आणि तिन्ही वेळा पाणी घालूनच.

माझा जन्म मालवणकडच्या एका सड्यावरचा. सडा म्हणजे नुसता जांभा कातळ, वर बोटभर माती. त्या मातीत खायला काही नाही. वरून पडणारं पावसाचं पाणीही तसंच, अगदी कोरं. इतर झाडं तिथे नाक मुरडतात. आम्ही म्हटलं, नसेना का, आम्ही हवेतून जेवण उतरवू. पिढ्यान्पिढ्या आम्ही तसंच जगलो. कोरं पाणी प्यायचं आणि डास खायचे, बस्स. कुणाकडे खत मागितलं नाही.

बहात्तर सालच्या गणपतीत जानकी माहेरी आली होती. लग्न होऊन घाटकोपरला जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. लहानपणी ती आमच्या सड्यावर गुरं राखायची आणि गुरं चरत असली की पालथी पडून आमची शिकार बघत बसायची. या वेळी ती आली तेव्हा आमच्या सड्याचं अर्धं अंग कापून नेलेलं होतं. चिऱ्यांची खाण सुरू झाली होती.

"चिकट्या," ती मला म्हणाली. आम्हाला ती याच नावानं हाक मारायची. "पुढच्या वर्सा हयसर तुमच्यातलो एक पण रवचो नाय. चल माज्यावांगडा."

मला विचारलंबिचारलं नाही. चमच्यानं मातीसकट उचललं आणि कान फुटलेल्या चिनीमातीच्या वाडग्यात बसवलं. आमची जात वर्षाची. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि जायचं. मला फूल येईपर्यंत जगवायचं, बी घ्यायचं आणि सडा गेला तरी आम्हाला जाऊ द्यायचं नाही, असं जानकीनं ठरवलं होतं. एवढंच तिचं मागणं. त्यासाठी तिनं रात्रभर एसटीत वाडगा मांडीवर धरला.

घाटकोपरच्या टेकडीवरची चाळ, दुसरा मजला, खिडकीत ऊन. पहिला आठवडा झकास गेला. डासांची काय कमी हो घाटकोपरला. माझ्या सड्यावर दोन दिवसांतून एक सापडायचा, इथे रांग लागायची. चाळीतली माणसं मला बघायला यायची. शेजारची सुगंधा तर पदर तोंडावर धरून म्हणाली, "शी गं, हे झाड आहे की राक्षस?" मी तिच्याकडे बघून डास गिळला. म्हणजे गिळत नाही मी, पानातच जिरवतो, पण तिला समजलं.

मग वाट लागायला सुरुवात झाली.

जानकी मला रोज नळाचं पाणी घालायची. तुमच्या दृष्टीनं ते चांगलंच पाणी. पण त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि वर औषधाचा वास. तुमच्या हाडांना ते चालत असतील, माझ्या मुळांना चालत नाहीत. मुळं कसली, चार धागे आहेत माझे. पाणी उडून जायचं आणि क्षार मातीत राहायचे. रोज थोडे, रोज थोडे. दिवाळीपर्यंत माझ्या पानांच्या कडा काळ्या पडल्या आणि डिंक सुकला. डास माझ्या अंगावर बसून खुशाल पाय चोळून उडून जायला लागले. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

जानकीला वाटलं, मी उपाशी आहे. आता तुमच्या कोकणातल्या बायकांची एक पद्धत. मासे धुतलेलं पाणी त्या कधी मोरीत ओतत नाहीत. माडाला घालतात, कढीलिंबाला घालतात. मग हे झाड तर उघड उघड मांसाहारी. जानकीनं बांगडे साफ केले आणि ते लालसर धोवण मोठ्या कौतुकानं माझ्या वाडग्यात ओतलं.

"घे मेल्या, पोटभर खा."

अगं बाई, मी पानानं खातो, मुळानं नाही. दोन दिवसांत माझ्या मातीवर पांढरी बुरशी चढली आणि असा वास सुटला की सहदेवनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, वाडगा गॅलरीत नेऊन ठेवला. माझी अकरा पानं होती, त्यातली चार उरली. जानकी बुरशी खरवडत रडत होती. मी रडत नव्हतो, मी संतापलो होतो.

मग वैद्य आला. सहदेवचा धाकटा भाऊ विद्याधर. ट्रॉम्बेच्या बाजूला एका रंगांच्या कंपनीत कामाला, बी.एस्सी.ची दोन वर्षं केलेली, त्यामुळे घरात विज्ञानाचा शेवटचा शब्द त्याचा. त्यानं मला भिंगातून पाहिलं आणि निदान केलं.

"वहिनी, जंतू. पाणी वीस मिनिटं उकळायचं, गार करायचं, मगच घालायचं. उकळलेल्या पाण्यापेक्षा शुद्ध पाणी जगात नाही."

जंतूंशी माझं वाकडं कधीच नव्हतं. माझं भांडण क्षारांशी होतं, आणि उकळून ते जात नाहीत. वीस मिनिटं उकळलं की पाणी आटतं आणि बरेचसे क्षार तिथेच राहतात, उलट दाट होतात. विद्याधरचं शुद्ध पाणी मला नळापेक्षा जास्त जाळायला लागलं. नोव्हेंबर संपताना माझ्याकडे तीन पानं होती आणि मधला कोंब उघडायचं नाव घेत नव्हता. कोंब मेला की फूल नाही, फूल नाही की बी नाही. सड्यावर तोवर खाण पुढे सरकली असणार.

तरी मी मेलो नाही. का मरू? मला पाणी निवडता येत नाही म्हणून माणसाच्या चुकीपायी मरायचं? मी तीन पानं घट्ट धरून बसलो.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता हे तुम्हाला ठाऊकच असेल. उपनगरात पाण्याची कपात सुरू झाली. चाळीचा नळ सकाळी तासभर यायचा, तोही करंगळीएवढा. ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. आंघोळीला चाळीमागच्या जुन्या विहिरीचं, चवीला मचूळ, साबणाला फेस न येणारं. जानकी पहाटे ते स्टोव्हवर टोपात तापवायची.

एके दिवशी ती तो टोप घासायला बसली. तळाला पांढरी खपली धरली होती. नारळाची शेंडी झाली, राख झाली, निघेना. घासता घासता तिचे हात थांबले. तिनं खपलीचा तुकडा नखानं उचकटला, जिभेला लावून थुंकला, आणि माझ्या वाडग्याकडे पाहिलं. वाडग्याच्या कडेलाही तसाच पांढरा थर होता.

"पाणी उडान गेला," ती हळूच म्हणाली, "आनि ह्या मागे रवला. आनि मी ह्याच तुका रोज भरवतंय."

बरोबर, बाई. तीन महिने मी हेच सांगतोय.

मग तिनं टोपावरचं झाकण उलटं केलं. खालची बाजू स्वच्छ. इतके दिवस त्याच पाण्याच्या वाफेत राहून तिथे खपलीचा ठिपका नाही. तिनं सहदेवचा दाढीचा आरसा आणला, उन्हात आडवा ठेवला. एका बाजूला नळाच्या पाण्याचा थेंब, मध्ये विद्याधरच्या उकळलेल्या पाण्याचा, तिसरा झाकणाखालून टिपलेला. आणि कांदे चिरायला बसली. कांदे झाल्यावर पाहिलं तर पहिल्या दोन थेंबांच्या जागी पांढरी कडी उमटली होती, दुसरं पहिल्यापेक्षा दाट. तिसरा थेंब कुठे ठेवला होता तेसुद्धा सापडेना.

दुसऱ्या पहाटेपासून ती टोपावर झाकण कलतं ठेवायला लागली. वाफ झाकणाला लागायची, थेंब व्हायचे, उतारावरून ओघळून बाजूच्या वाटीत पडायचे. सहदेवची आंघोळ निघेपर्यंत अर्धी वाटी. ते गार झाल्यावर तिनं माझ्या मातीत घातलं, वाडगा कलता करून मळकं पाणी काढून टाकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. आठवडाभर ती माझी माती धूत होती. पहिल्या घोटाला मला कळलं. कोरं पाणी. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. मला तेच हवं होतं.

रविवारी विद्याधर आला, वाटी पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, हे तर डिस्टिल्ड वॉटर झालं. आमच्या कंपनीत मोठ्या बाटल्यांतून येतं."

"मगे आदी कित्याक नाय सांगलंस?"

"घरात करता येतं असं कुठे माहीत होतं?" असं म्हणून तो चहा प्यायला लागला. त्यानंतर माझ्यावर त्यानं उपचार केले नाहीत, हे त्याचे उपकार.

मला नवी पानं आली. डिंक चढला. पण आता चाळीत कुजबुज सुरू झाली. जानेवारीत कपात वाढली आणि एका सकाळी नळावर सुगंधानं सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"आमच्या घरात प्यायला हंडा पुरत नाही आणि ही बया रानगवताला वाटी वाटी पाणी पाजते. ते फेकून दे जानकी, नाहीतर नळावर येऊ नकोस."

कुणी जानकीची बाजू घेतली नाही. घरी आल्यावर सहदेवही म्हणाला, "फेकून दी ता. लोकांक पियाक पाणी नाय आनि तू गवताक घालतंस. चाळीत रवाचा हा आपल्याक." त्यानं वाडगा उचलला. मी त्याच्या तळव्यावर होतो आणि गॅलरीच्या कठड्याखाली दोन मजले मोकळी हवा होती.

जानकीनं त्याचं मनगट धरलं. "त्या सड्यार आता कायएक उरूक नाय. माज्या म्हायेरचा एवढाच हा. सुगंधाक उद्या सकाळी हय बोलव. तिच्या हंड्यातलो एक थेंब जरी ह्येच्यात गेलो आसात, तर मी माज्या हातान टाकतंय."

सुगंधा आली. पहाटेच आली, कमरेवर हात ठेवून. तिनं टोपात विहिरीचं मचूळ पाणी बघितलं, वर कलतं झाकण बघितलं, वाटीत टपटपणारे थेंब बघितले. जे पाणी ती स्वतः रोज झाकण उचलून झटकून टाकत होती ते ती बघत होती. मला एक शब्द बोलता आला असता तर मी सांगितलं असतं, बाई, तुझं पिण्याचं पाणी मला फुकट दिलंस तरी मी पिणार नाही.

"एवढंच पितो हा?" तिनं विचारलं.

"एवढाच."

तिनं वाटीतला थेंब बोटावर घेऊन चाखला आणि ती गेली. त्या दिवसानंतर नळावर कुणी माझं नाव काढलं नाही. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं, अर्धी वाटी मला पुरेना, तेव्हा एका सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक पितळी वाटी आली. सुगंधाच्या झाकणाखालची. ती ठेवून निघूनही गेली होती, थांबून मोठेपणा मिळवायचा नव्हता तिला.

त्याच महिन्यात माझ्या मधल्या कोंबातून दांडा निघाला, वीतभर उंच. त्यावर पांढरी फुलं आली, तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी, सकाळी उघडून दुपारी मिटणारी. बघायला पुन्हा सगळी चाळ. फुलं मिटली आणि बोंडं धरली.

आणि आता मार्च आहे. माझी पानं एकेक करून तपकिरी होतायत. जानकी घाबरली आहे. दिवसातून दोनदा पाणी घालते आणि विचारते, "परत काय चुकला रे माजा?"

काही चुकलं नाही, जानक्ये. पाणी एकदम बरोबर आहे. मला क्षारांनी मारता आलं नाही, बांगड्याला आलं नाही, विद्याधरला तर नाहीच नाही. ज्याला कुणी मारलं नाही तो आता स्वतःच्या वेळेला जातो आहे, ताठ मानेनं. आमची जात वर्षाची, हे तू लहानपणी पालथी पडून पाहिलंयस, फक्त या वेळी मायेत विसरलीस.

तेव्हा आता माझ्यावर पाणी वाया घालवू नकोस. उद्याची वाटी मला नको. बोंडांकडे बघ, ती फुटली आहेत. आत पिठासारखं काळं बी आहे, शंभरावर सड्यांना पुरेल एवढं. श्वास रोखून कागदावर झटक, नाहीतर उडून जाईल. आणि उद्याची वाटी त्या बियांना घाल.

तुम्ही वाचणारे, तुम्हालाही एक सांगून ठेवतो. यातलं चिमूटभर बी कधी तुमच्या खिडकीत आलं, तर कृपा करून त्याच्यावर तुमच्या चवीनं माया करू नका. त्याला काय लागतं ते आधी बघा.

जानकीनं कागद पसरला आहे. तिनं श्वास रोखला आहे. झटक, बाई.