कपाटामागचा वारा

चंपाबाईंच्या खोलीतलं स्टूल इकडचं तिकडे करायची कोणाची टाप नव्हती. नायगावच्या बीडीडी चाळीतली एवढीशी खोली, आणि तिच्यात सुईपासून खाटेपर्यंत ज्याला त्याला ठरलेली जागा. स्टूल खाटेच्या पायथ्याशी. माठ मोरीच्या कडेला, त्यावर पेला उपडा. चपला उंबऱ्याच्या आत, उजवीकडे. पाहुण्यानं बसायला म्हणून स्टूल पुढे ओढलंच, तर चंपाबाई हातातला चहा खाली ठेवायच्या, पाहुण्याला उठवायच्या, स्टूल जागेवर लावायच्या आणि मग म्हणायच्या, "बसा आता. खाटेवर बसा." माणूस सोयरा असो की साहेब, वागणं हेच.

दर्शना सून म्हणून या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या मनात आलं, झालं, ही खाष्ट सासू आता जन्माला पुरणार. त्याच आठवड्यात झाडताना तिनं स्टूल भिंतीला सरकवलं आणि तसंच विसरली. संध्याकाळी सासरे, सीताराम, गॅलरीतून आत आले, कुठेही हात न लावता सरळ चालत गेले, बसायला म्हणून झुकले आणि थेट जमिनीवर आपटले. सासऱ्यांची नजर थोडी अधू आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. घरात ज्या ऐटीत ते वावरायचे ते बघून तिला तेसुद्धा खरं वाटलं नव्हतं. चंपाबाईंनी नवऱ्याला उठवलं, कंबर चोळून दिली आणि सुनेला बाहेर गॅलरीत नेलं.

"ह्यांना काही म्हणजे काही दिसत नाही, गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. पण ह्या खोलीत ते आंधळे नाहीत. तेवढं सांभाळ."

त्या दिवसानंतर दर्शनानं सासूला खाष्ट म्हटलं नाही. म्हणजे मनात म्हटलं, अधूनमधून, पण स्टूल कधी हलवलं नाही. सासरे स्वतःची दाढी स्वतः करायचे, चहा करून प्यायचे, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत एकटे जायचे आणि येताना शेजारच्या कुशाबाच्या दारात थांबून मॅचचा स्कोअर विचारायचे. हे सगळं कोणाच्या जिवावर चाललंय ते दर्शनाला रोज दिसायचं. बाई काही बोलायची नाही, नुसती दिवसभर वस्तू जागच्या जागी ठेवत फिरायची.

आणि अशात टॉवर तयार झाला.

किती वर्षं नुसतं ऐकत होते सगळे. पलीकडच्या चाळी पडल्या, खड्डे झाले, खड्ड्यातून टॉवर वर आला, सोडत निघाली, आणि खरोखरच एक दिवस विनीत, म्हणजे दर्शनाचा नवरा, चौदाव्या मजल्यावरच्या घराची चावी घेऊन आला. पेढे वाटले गेले. दर्शनाला रात्री झोप लागेना. लग्न झाल्यापासून ती आणि विनीत पोटमाळ्यावर झोपायचे, कूस बदलली तरी खाली फळी वाजायची. नव्या घरात एक बेडरूम होती. तिला दार होतं, दाराला कडी होती. दर्शनानं आयुष्यात देवाकडे बंगला मागितला नव्हता, पण ती कडी तिला फार हवी होती.

चंपाबाई मात्र पेढा हातात धरून बसल्या होत्या.

"आई, काय झालं?" दर्शनानं विचारलं.

"इतकी वर्षं हा माणूस कोणाचा हात धरून चालला नाही," त्या म्हणाल्या. "नव्या घरात गेला की खुर्चीत बसून राहील. हाताला धरून न्यायचं, हाताला धरून आणायचं. मला नाही बघवणार ते."

दुसऱ्या दिवशी सासरे कुशाबाकडे गेले तसं चंपाबाईंनी सुतळीचं रीळ काढलं. एक टोक दर्शनाच्या हातात दिलं. खाटेपासून माठ, तिथे गाठ. माठापासून मोरी, तिथे गाठ. उंबऱ्यापासून स्टूल, स्टुलापासून कपाट, कपाटापासून खुंटी. विनीत मोबाईलवर खोलीची मापं घेऊन देतो म्हणाला, तर त्याला म्हणाल्या, "तुझा मोबाईल ठेव खिशात. माझी सुतळी मला कळते." मग ती सुतळी पिशवीत घालून दोघी टॉवरवर गेल्या, आणि नव्या कोऱ्या हॉलच्या लादीवर चंपाबाईंनी खडूनं जुनी खोली मांडली. इथे खाट. इथे माठ. मोरी नव्हती, तर त्या कोपऱ्यात घमेलं ठेवायचं ठरलं. गंमत म्हणजे सगळं बसलं. फक्त कपाटाची खूण आली ती नेमकी बेडरूमच्या दारावर.

"आई, ते बेडरूमचं दार आहे," विनीत संध्याकाळी बघायला आला तेव्हा म्हणाला.

"मग? बेडरूम काय पळून जातेय?"

"अगं, पण आम्ही झोपायचं कुठं?"

चंपाबाईंनी सुनेकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हुकूम नव्हता, हे दर्शनानं पक्कं ओळखलं. नाही म्हणायचा तिला हक्क होता, आणि म्हटलं असतं तर बाई ऐकणारही होती. पण तिला ते पहिल्या आठवड्यातलं आपटणं आठवलं.

"राहू दे कपाट," ती म्हणाली. "आम्ही हॉलमध्येच गादी टाकू. नंतरचं नंतर बघू."

घर हलवायची तयारी लोक करतात ती दर्शनानं चाळीत त्या महिन्यात दारोदार बघितली. गॅलरीत खोक्यांच्या थप्प्या, पसारा, भांडणं, कोणाचा मिक्सर कोणाच्या गोणीत. पण चंपाबाईंनी केलं ते बघून तिनं हात जोडले. सामान हलवणारी माणसं येऊन म्हणाली, मावशी, सकाळी येतो, दुपारपर्यंत खोली साफ. बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सामान काढायचं, पण ह्यांना खोली बदललेली लागता कामा नये, हा त्यांचा हट्ट. म्हणून आधी पोटमाळा रिकामा झाला, कारण तिथे सासरे जात नसत. मग खाटेखालच्या ट्रंका. मग कपाट आतून, फक्त सासऱ्यांचा कप्पा सोडून. मग मांडणीवरचे डबे. डाळ-तांदूळ पिशव्यांतून गेले आणि रिकामे डबे फळीवर तसेच ओळीनं उभे राहिले. रोज थोडं, विनीतच्या स्कूटरवर आणि दोघींच्या हातातून, सासरे दुपारी झोपले की. आठवड्यात ते घर आतून पोकळ झालं आणि बाहेरून जसंच्या तसं. टॉवरच्या लिफ्टला बिऱ्हाडांची ही रांग लागलेली, तर बाईंनी वॉचमनला गाठून रविवारचा पहिला नंबर आधीच लावून ठेवला होता. दर्शना परळच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला बसायची, दिवसभर माणसांच्या रांगा लावणं हेच तिचं काम. तिनं मनोमन कबूल केलं, आपल्याला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

रविवारी सकाळी सासऱ्यांना कुशाबाकडे बसवलं. टेम्पोत शेवटी चढवली ती कपाट आणि खाट, म्हणजे पोचल्यावर पहिली उतरणार तीच. खडूच्या खुणांवर सगळं लागलं. चंपाबाईंनी गुडघ्यावर बसून सुतळी लावून पुन्हा एकदा बघितलं, स्टूल बोटभर मागे घेतलं, खडू ओल्या फडक्यानं पुसला. गॅसवर दूध उतू घालवलं. मग विनीतला म्हणाल्या, "जा, घेऊन ये त्यांना."

कुशाबाच सीतारामांना घेऊन आला. दोघं जुने दोस्त. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामात दोघांनी मिळून कापसाच्या गासड्या मोजल्या होत्या. वाटभर सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दारात आल्यावर चंपाबाई म्हणाल्या, "आत या. सगळं तुमच्या जागेवर आहे."

सासऱ्यांनी खांदा सोडला. चपला आत, उजवीकडे काढल्या. सरळ चालत गेले, झुकले, आणि स्टुलावर बसले. मग उठून माठापाशी गेले, पेला उचलला, पाणी प्यायले, पेला उपडा ठेवला. एकदाही चाचपलं नाही. कुशाबा म्हणाला, "वयनी, तुका मानला." विनीत तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. चंपाबाईंचा जीव भांड्यात पडला, त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. दर्शनाला वाटलं, आपल्या सासूसारखी बाई अख्ख्या नायगावात नसेल. आणि ते खरंच होतं.

सासरे खाटेवर बसले होते. त्यांनी मान थोडी वळवली.

"चंपा, वारा कुठनं येतोय?"

"चौदावा मजला आहे. खिडकी उघडी आहे."

"खिडकी समोर आहे. हा मागनं येतोय. कपाटामागनं."

सासरे उठले. कपाटाच्या कडेवरून हात मागे नेला, फटीत बोटं घातली, आणि बोटांना चौकट लागली.

"हे दार आहे," ते म्हणाले. "कसलं दार आहे, विनीत?"

"बेडरूमचं, बाबा."

"मग कपाट इथं का?"

"असू दे, बाबा," दर्शना घाईनं म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."

सासरे तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग हळू म्हणाले, "चंपा, म्हणजे तू मला जुन्या खोलीतच आणून ठेवलंस."

"मग काय करू?" चंपाबाईंचा आवाज फुटला. "तुम्ही धडपडाल, पडाल. उद्या भिऊन बसून राहाल एका जागी. मग माझ्या जिवाला काय वाटेल?"

"डबे रिकामे केलेस ते मला पहिल्याच दिवशी कळलं," सासरे म्हणाले. "झाकण वाजतं ना. मी बोललो नाही. म्हटलं, एवढी जीव तोडून करतेय, करू दे. तुझ्यासारखं कोणी करणार नाही, हे मला माहीत आहे. पण डोळे गेले तेव्हा त्या खोलीत मी काय पडलो नाही? गुडघे फुटले माझे. तू वस्तू जागेवर ठेवल्यास, आणि मी शिकलो. इथंही शिकेन." ते थांबले. "टॉवर होणार, टॉवर होणार, म्हणून किती वर्षं ऐकलं. अख्ख्या चाळीनं आपापलं घर बघितलं. मला पण बघू दे की, चंपा."

चंपाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मग उठल्या आणि विनीतला म्हणाल्या, "धर कपाट त्या बाजूनं."

विनीत आणि कुशाबानं कपाट सरकवलं. दार उघडलं तसा वारा भस्सकन आत आला. सासरे भिंतीला हात लावून आत गेले. चौकटीवर खांदा आपटला. पुढे आठवडाभरात आणून ठेवलेलं एक खोकं होतं, त्यावर नडगी लागली. चंपाबाईंचा हात पुढे झाला आणि त्यांनी तो मागे ओढून दर्शनाचं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट, की बांगड्या रुतल्या. सासरे भिंत सोडत नव्हते. कोपरा लागला, वळले, पुन्हा कोपरा, आणि खिडकी लागली. तिथे ते हसले.

"काय दिसतं गो इथनं, दर्शना?"

"इमारतीच आहेत, बाबा. पण मधल्या फटीतून लांब पत्र्याची छपरं दिसतात. कॉटन ग्रीनची गोदामं असतील."

"कुशाबा, ऐकलंस काय? आपलं गोदाम दिसतं घरातनं."

"बरा झाला," कुशाबा दारातून म्हणाला. "आता बसून गासड्या मोज."

परत येताना सासऱ्यांनी दार चाचपलं, लावून बघितलं, उघडून बघितलं. कडीवर बोट थांबलं. त्यांनी ती एकदा सरकवली, पुन्हा मागे घेतली, आणि म्हणाले, "चांगली आहे. ही खोली तुमची, विनीत." दर्शनाला एकदम रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

आता स्वयंपाकघर राहिलं होतं, बाथरूम राहिलं होतं. घरातल्या घरात बाथरूम, त्याचं तर सासऱ्यांना केवढं अप्रूप. ते भिंत धरून निघाले. चंपाबाईंनी खाली बघितलं. सासऱ्यांच्या वाटेत स्टूल होतं, खाटेच्या पायथ्याशी, बोटभरही न चुकता लावलेलं. त्यांनी ते उचललं. दर्शना या घरात आल्यापासून सासूला तिनं ते स्टूल जागेवरून उचलताना बघितलं नव्हतं.

"अहो," चंपाबाई म्हणाल्या, "स्टूल कुठं ठेवू?"

सासरे थांबले. जरा विचार केला.

"आत्ता राहू दे तुझ्या हातात," ते म्हणाले. "सगळं घर बघून झालं की सांगतो."

आणि ते पुढे, भिंतीला हात लावून, आणि चंपाबाई मागे, स्टूल छातीशी धरून, ते थांबले की थांबत, त्यांना हात न लावता, असं त्या दोघांनी ते घर बघितलं.