एकाच सायकलवरून पडलेला वर्ग

मित्रांनो, भाषेच्या वर्गात फळ्याजवळ एक बुटकी तिपाई आहे ना, कडेचा पिवळा रंग उडालेली, ती मीच. आता जुनी झाले आहे आणि वयाबरोबर थोडी संशयीही. माझ्यावर रोज कुणी ना कुणी बसतं, पण माझा स्वतःचा विश्वास कुणावर चटकन बसत नाही.

सुताराने मला उरलेल्या लाकडातून केलं. फरशी कशीही असो, तीन पायांची डगमगत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. शाळेत आले आणि बरीच वर्षं कपाटावरचे नकाशे काढायला लोक बूट घालून माझ्यावर चढले. मला पुसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग या भाषेच्या बाई आल्या. त्यांनी मला घासूनपुसून वर्गात आणलं आणि मुलांना सांगितलं, "ही बोलायची जागा. हिच्यावर बसेल तो बोलेल, बाकीचे ऐकतील." त्या दिवशी मला भरून आलं होतं.

बाई कामाला पक्क्या. धडा उघडून मग विचार करायचा, ही त्यांची पद्धत नव्हे. आधी अभ्यासक्रम उघडायचा, त्यातलं उद्दिष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे ते ठरवायचं, आणि तिथून उलटं मागे येत तासाचं टाचण करायचं. त्या वेळचं उद्दिष्ट होतं: 'स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो.' बाईंनी आधी एक नमुना सांगितला. सायकलवरून पडल्याचा, उजवा गुडघा फुटल्याचा, आईने फुंकर घातल्याचा. मग एकेक मूल माझ्यावर येऊन बसलं आणि घडाघडा बोललं. बाई 'साध्य'च्या रकान्यात खुणा करत गेल्या. हेडसर दारातूनच म्हणाले, "वा, बाई. तपासणीला हाच वर्ग दाखवू."

मला मात्र खटकत होतं. सगळ्यांचा उजवाच गुडघा कसा फुटला? शिवाय खरं सांगणारं मूल माझ्यावर स्वस्थ बसत नाही. पाय हलवतं, माझी कड नखाने खरवडतं. ही सगळी पुतळ्यासारखी बसली होती.

शेवटी चष्मेवाली मुलगी आली. बसली आणि गप्प.

"सायकल आठव बघू," बाई म्हणाल्या.

"मला सायकल नाहीये."

वर्ग हसला. तिच्या नावापुढे 'साध्य नाही' आलं. म्हणजे आता गोष्टींच्या तासाला ती वर्गाबाहेर, कच्च्या मुलांच्या गटात, वाक्यं गिरवत बसणार. आणि पूर्ण आठवड्यात ती वाट बघायची ती त्याच तासाची.

शाळा सुटल्यावर तिची आई आली; लेकीने फाटकापाशीच तिला सगळं सांगितलं असावं. दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्यावरच टेकली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"बाई, घरी हिचं तोंड क्षणभर बंद नसतं. मग इथेच काय होतं?"

"घरी सगळीच बोलतात हो. इथे उद्दिष्ट साध्य व्हावं लागतं."

आईने फळ्याचा कोपरा वाचला. पुन्हा वाचला. "बाई, ही सगळ्यांच्या तोंडी असलेली सायकल नक्की कुणाची?"

"माझ्या भाच्याची," बाई म्हणाल्या.

"आणि सगळ्या वर्गाने चालवली?"

बाईंनी खुणांची वही खाडकन मिटली. मला वाटलं, झालं, आता हा राग त्या पोरीवर निघणार.

पण दुसऱ्या दिवशी उद्दिष्ट तेच राहिलं आणि टाचण बदललं. नमुना नाही. "काल घरी गेल्यावर काय झालं ते सांगा," एवढंच. आदल्या दिवशी सगळ्यांत छान बोललेला मॉनिटर तोंड उघडून नुसताच बसला. खोडलेल्या खुणा बघून हेडसरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"अहो, तपासणी तोंडावर आलीय आणि तुम्ही भरलेला रकाना पुसलात?"

"भरलेला होता सर, पण माझ्या भाच्याने."

मग चष्मेवाली आली. बराच वेळ माझी कड खरवडत राहिली.

"आमचा नळ गळतो," ती म्हणाली. "खाली पातेलं ठेवलंय. बाबा रात्रपाळीचे, दुपारी झोपतात. आई म्हणते आवाज करू नका. आम्ही नाही करत. पातेलं ऐकत नाही. मग मी त्यात आईचा रुमाल टाकला. आता ते हळू बोलतं."

"कुठला रुमाल?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"तिचा चांगला."

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तीही हसली. बाईंनी पेन उचललं तेव्हा माझ्या मनात आलंच, आता वाक्यातल्या चुका काढतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आईला कळलं का गं?"

"अजून नाही."

गोष्टींच्या तासाला ती वर्गातच होती, पहिल्या रांगेत.

मित्रांनो, माझ्यावर बूट घालून चढू नका, मला ओल्यात ठेवू नका. बसलात की घाई करू नका. तुमचं तुम्हाला आठवेपर्यंत मी थांबेन. आणि तुमच्या नावापुढे कुणी खूण करायला लागलं, चांगली असो की वाईट, तर आधी विचारा, "माझं ऐकून झालं का?"