आखूड फ्रॉक

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी नक्षी केव्हाच उडाली आहे आणि पायडल दाबलं की मी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. तरीही "या घरात हिच्याइतकी कामसू बाई दुसरी नाही," असं माझ्या मालकीणबाई माझ्याबद्दल म्हणायच्या. मी शिलाई मशीन.

कारखान्यात लोखंड ओतून मला घडवलं. काही दिवस दुकानाच्या काचेआड मिरवले. मग मालकीणबाई नवी नवरी होऊन आल्या, त्याच सुमारास मलाही या खिडकीशी आणून ठेवलं. नवरा लवकर गेला, तेव्हा एकुलत्या एका मुलाला त्यांनी माझ्याच जिवावर वाढवलं. लहान मुलांचा कपडा शिवताना खाली चार बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, दुमडून ठेवायचंच, ही त्यांची रीत. पोर वाढलं की दुमड उसवायची, कपडा पुन्हा मापात. गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, तुमचा कपडा फाटेल, पण आखूड व्हायचा नाही." ते ऐकून माझ्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे त्या मुलाचा संसार मोडला. त्याची लहानगी चिऊ आईकडे राहिली आणि तिचा ताबा कुणाकडे, यावरून कोर्टात दावा उभा राहिला. कोर्ट मी पाहिलेलं नाही. मला ते कपड्यांवरून आणि घरातल्या बोलण्यावरून कळलं. दर तारखेआधी मालकीणबाई मुलाची पँट कमरेत आत घ्यायच्या. अन्न त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"सरळ उभा राहा बघू," टाचण्या लावता लावता त्या म्हणायच्या. "तिथे पोक काढून उभा राहिलास, तर म्हणतील, ह्याला स्वतःलाच सांभाळता येत नाही, पोरीला काय सांभाळणार?"

"हो गं आई."

प्रत्येक तारखेला त्या त्याच्याबरोबर गेल्या. बाकावर ताठ बसल्या, तिथे एकदाही रडल्या नाहीत. घरी येऊन मात्र माझ्यावर डोकं टेकायच्या.

निकाल लागेपर्यंत चिऊ शनिवारी आमच्याकडे येऊ लागली. एकदा ती निळ्या फ्रॉकमध्ये आली. फ्रॉक गुडघ्याच्या चांगलाच वर होता. ते पाहून शिवणारणीच्या हातांना कुठलं राहवायला! त्यांनी फ्रॉक काढायला लावला, दुमड उसवली आणि मी खाली नवी टीप घातली. टीप अगदी सरळ आली. पण ती घालता घालता त्या बोलून गेल्या, "तुझ्या आईचे डोळे फुटलेत का? पोरगी वाढतेय, एवढंही दिसत नाही तिला?"

मुलगा दारातूनच म्हणाला, "आई, तिच्यासमोर नको ना."

"मी काय वाईट बोलले? खरं तेच बोलले."

चिऊने घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितला. पोरंच ती, सांगणारच.

पुढच्या तारखेला सूनबाईंच्या वकिलाने तोच फ्रॉक कोर्टात वर धरला. ही माणसं पोरीच्या मनात आईविरुद्ध विष कालवतात, म्हणाला. मालकीणबाईंनी घरी येऊन मुलाला विचारलं, "चिऊची आई तिथे एवढी का रे रडत होती?" तो म्हणाला, "तो फ्रॉक चिऊला फार आवडतो, आई. आखूड झाला तरी ती दुसरा घालतच नाही. तिची आई सांगून थकली."

शनिवार बंद झाले. आता बापाने कोर्टातल्याच एका खोलीत तासभर भेटायचं. आजीने यायचं नाही.

मुलगा आईवर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्या अजूनही त्याची पँट आत घेतात. पण टाचण्या लावताना 'सरळ उभा राहा' असं आता म्हणत नाहीत.

त्यांनी चिऊसाठी एक पिवळा फ्रॉक कापला आहे. गळा झाला, बाह्या लागल्या, फक्त खालची दुमड राहिली. मुलगा भेटून आला की त्या विचारतात, "किती वाढली रे? तुझ्या कमरेला लागते का?" तो हात कमरेपाशी नेतो. थोडा वर घेतो, पुन्हा खाली आणतो.

"माहीत नाही गं आई. सगळा वेळ ती माझ्या मांडीवरच बसून असते."

मित्रांनो, टीप चुकली तर उसवता येते, बोललेलं उसवता येत नाही. तुम्ही मोठे झालात की तुमच्या पोरांसमोर एवढं लक्षात ठेवा. माझी सुई गंजत चालली आहे, पण मला तेल नको. कुणीतरी चिऊला एकदा भिंतीशी उभं करा आणि ती केवढी झाली, तेवढं तिच्या आजीला कळवा.