डोकं कुणापुढे ठेवायचं

ठरलं होतं ते एवढंच: आपल्याला पुढारी नाही.

मागच्या संपाला पुढारी होते. एक अजून तुरुंगात आहे. दुसऱ्याला घरी आणून सोडलं, तेव्हा बायकोनं त्याला ओळखलं नाही. म्हणून या खेपेला तेलविहिरी बंद केल्या त्या सगळ्यांनी मिळून. बोलायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

मागण्या ओरिनबायनं जुळवल्या होत्या. आम्हाला माहीत. कंपनीला नाही.

*

मग कंपनीकडून जेवणाचं बोलावणं आलं. जेवण नाकारता येत नाही.

कॅन्टीनमध्ये दस्तरखान अंथरलेलं. एका बाजूला डायरेक्टर. शेजारी कंपनीच्या पाळीव युनियनचा अध्यक्ष शाइमेर्देन. मधोमध सरकारचा माणूस, उपअकीम तुलेगेन. दाराशी दोघं उभे. ते जेवणारे नव्हते.

"खा रे," शाइमेर्देन म्हणाला. "उपाशीपोटी कसला संप करता?"

"तुझ्या युनियननं इतकं भरवलंय," आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे सागिंदिक आगा म्हणाले, "की ढेकर थांबेना."

हशा झाला. तुलेगेन सगळ्यांत शेवटी हसला, आणि सगळ्यांत शेवटी थांबला.

*

ताट आलं. उकडलेलं मेंढ्याचं डोकं, वर सुरी. डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचं असतं.

तुलेगेननं ते हातातच धरून ठेवलं. "तुमच्यातला मोठा कोण, मी कोण ठरवणार? तुम्हीच सांगा."

आणि आमच्या नजरा

(मुद्दाम कुणी केलं नाही. ताट आलं की नजर मानाच्या माणसाकडे जाते, पाळण्यापासूनची सवय. पण वयानं सागिंदिक आगा मोठे होते. निदान तिकडे जायला हवी होती.)

ओरिनबायकडे गेल्या.

काही अर्ध्यात वळल्या आणि छताला चिकटल्या. पण तुलेगेन जेवत नव्हता, बघत होता. ताट ओरिनबायच्या दिशेनं सरकलं.

*

"मला चालत नाही," ओरिनबाय म्हणाला. "माझे वडील आहेत अजून."

बाप जिवंत असताना डोक्याला सुरी लावायची नसते. ते म्हणजे बापाचं मरण मागणं.

"माझेही आहेत," सागिंदिक आगा म्हणाले. दाढी पार पांढरी.

"माझे पण."

"माझेही."

ओळीनं सगळे. मेलेले बाप एकेक करून उठून बसले. कुणी हसलं नाही.

"वा! या गावात कुणी मरतच नाही की," तुलेगेन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बेरदिबेक, तुझे वडील पाण्याचा टँकर चालवतात ना? सकाळीच दिसले. तुला खोटं बोलायची गरजच नाही. तूच सांग. ओरिनबायचा बाप आहे?"

ओरिनबायच्या बापाला मी खांदा दिला होता.

नाही म्हणालो तर ओरिनबाय गेला.

आहे म्हणालो तर हे उद्या त्याच्या घरी बघायला जाणार, आणि मग

डायरेक्टर घड्याळ बघत होता. ओरिनबाय माझ्याकडे बघत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

मी हात पुढे केला. ताट माझ्यापुढे ओढलं.

"काय रे?" शाइमेर्देन म्हणाला. "वडील?"

"वारले."

"कधी?"

"आत्ता."

सागिंदिक आगांनी तोंडावरून हात फिरवला, मयतासाठी दुवा मागून फिरवतात तसा.

*

सुरी तुपकट होती, दोनदा निसटली. मी कान कापला. तो सगळ्यांत धाकट्याला द्यायचा असतो. मी दस्तरखानभर पाहिलं. एकही मान वर नव्हती. कान माझ्याच हातात राहिला.

तुलेगेनला खरं काय ते माहीत होतं. पण त्याला खरं नको होतं, एक नाव हवं होतं.

त्यानं दाराकडे पाहिलं. दोघांपैकी एक बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला; ती दाराशीच थांबून राहिली.

"सावकाश होऊ दे," तुलेगेन मला म्हणाला. "पोटभर जेव."