दक्षिणेकडे तोंड असलेली छत्री

मी छत्री बोलतेय. पावसाची नव्हे, आभाळातल्या उपग्रहाकडून इंटरनेट घेणारी. पण लोक छत्रीच म्हणतात, म्हणोत बापडे! अंजनगाव सुर्जीच्या पुढं, जिथं फोनची तार महिन्यातले वीस दिवस मुकी आणि मोबाइलची रेंज अजून यायची होती, तिथं खुशालरावांच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गच्चीवर मला २००६ साली बसवलं.

माझा स्वभाव चुळबुळ्या आणि काम मात्र गप उभं राहण्याचं. अकोल्याहून आलेल्या कारागिरानं नट आवळताना बजावलं होतं, ही बोटभर हलली तरी कामातून गेली. वावटळ उठली की माझा जीव खालीवर होई.

खाली ऑफिसात गुलफाम बसायची, अंजनगावच्या शिंप्याची लेक. कापसाच्या गाठी कुठल्या गिरणीला हव्यात ते मी वरून आणायचं आणि तिनं वाचायचं.

ती वर्षंच वाईट होती. शिवारात कापूस पिकेना, मग जिनिंगला तरी कुठून येणार? कापसातला कचरा वेचणाऱ्या बत्तीस बाया दुपारीच घरी जायच्या. त्यात एकदा ढिगाला आग लागली. ती विझवता विझवता मालकीणबाईंची, आशाबाईंची, नजर माझ्याकडं गेली.

"हिचं तोंड दक्षिणेले काहून हाय? यमाच्या दिशेले पाहून राहिली. बरं कसं होईन आपलं?"

खुशालराव आधी हसले. पण धास्तावलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. पुढच्याच आठवड्यात, गुलफाम बकरी ईदच्या सुट्टीवर असताना, त्यांनी नारळ फोडला आणि मला पूर्वेकडं फिरवलं.

खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं. हलायला मिळालं ना! पण उपग्रह राहिला दक्षिणेला, आभाळातून एक अक्षर येईना. असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी पार कासावीस झाले.

आणि नेमका त्यानंतरच्या सोमवारी कोइमतूरच्या गिरणीचा जबाब यायचा होता. कापसाचा नमुना पसंत पडला, तर आपण चारच्या आत होकार कळवायचा. हे काम मिळालं तर मशीन होळीपर्यंत चालणार होतं. नाहीतर फाटक बंद, आणि बत्तीस बाया कायमच्या घरी.

सुट्टीवरून परतलेल्या गुलफामनं कॉम्प्युटरचा कोरा पडदा पाहिला, गच्चीवर आली, मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग ओढणी कमरेला खोचून तिनं पाना हातात घेतला. पण ती मला वर फिरवणार आणि सिग्नलचा आकडा दिसणार खाली! म्हणून बायांमधल्या मैनाबाईला पडद्यासमोर बसवलं. ती आकडा ओरडायची, आणि शिडीशी उभं राहून तो वर पोचवायला कोण, तर आशाबाई.

बारा. चौदा. परत नऊ. साडेतीन वाजले. आशाबाईंचा घसा बसला होता.

"अजून दक्षिणेले सरकव, माय," त्याच म्हणाल्या. "अजून जरासक."

गुलफामनं मला केसभर सरकवलं आणि आकडा एकदम साठावर गेला. पत्र येऊन पडलं होतं. नमुना पसंत! तिनं चारला दहा कमी असताना होकार धाडला. खुशालराव उठले आणि स्वतः जाऊन भोंगा वाजवून आले.

आता गावात टॉवर आहे. माझी तार केव्हाच कापली. गुलफाम लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात गेली. परवा भंगारवाला शिडी लावून वर आला, माझे नट सोडवू लागला. आशाबाई आता वाकल्यात, पण खालून त्यांचा आवाज आला.

"तिले हात लावू नको. तिचं तोंड तिकडंच राहू दे."

त्या सोमवारपासून मी बोटभरही हलले नाही, पण जीव काही थाऱ्यावर नाही. बाबांनो, एकदा तार जोडून पाहा ना. तिकडून कुणी काही पाठवलं असेल, आणि चार वाजत आले असतील.